माहूरच्या वाटेवरचे पाचवे चाक

मार्गशीर्ष लागला की यवतमाळ जिल्ह्यातल्या गावागावांतून माहूरला जाण्याची बोलणी सुरू होतात. सोयाबीन घरात आलेले असते, कापसाचे एक-दोन वेचे झालेले असतात, तूर शेंगेवर असते आणि हरभऱ्याच्या पुढच्या पाण्याला थोडा अवकाश असतो. अशा वेळी दोन दिवसांची सवड काढून दत्तजयंतीच्या सुमारास माहूरगडावर जाऊन यायचे, हा आपल्याकडच्या कितीतरी घरांचा नेम आहे.

शहरात आता ‘कॅरॅव्हॅन’ नावाच्या मोटारी निघाल्या आहेत. आत निजायची सोय, स्वयंपाकाचा ओटा, पाण्याची टाकी, सगळे चाकावर. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली अशा मोटारींतून होणाऱ्या पर्यटनासाठी धोरणही जाहीर केले. पण चाकावरचा संसार आपल्याला काही नवा नाही. गेल्या मार्गशीर्षात आमच्या ओळखीच्या शेतकरी गटातली चार घरे माहूरला निघाली, त्यांच्यासोबत मीही होतो. माणसे जीपच्या जातीच्या दोन मोटारींत आणि संसार एका पिकअपमध्ये. शेगडी, गॅसची टाकी, पिठाचे डबे, सतरंज्या, गोधड्या, पाण्याचा ड्रम, वर ताडपत्री. मालाच्या गाडीत माणसे बसवणे कायद्याने मना आहे आणि जिवालाही धोक्याचे आहे, म्हणून ही वाटणी आधीच ठरली होती.

एका मोटारीवर चालक म्हणून एक निवृत्त ड्रायव्हरकाका होते. सरकारी जीप चालवण्यात त्यांची हयात गेली. निघण्याआधी ते तिन्ही गाड्यांभोवती फिरले आणि प्रत्येक गाडीच्या स्टेपनीला हात लावून, ती हलवून पाहू लागले. पिकअपची मूळ स्टेपनी खाली, हौद्याच्या पोटाशी होती. शिवाय मालकाने एक जादा चाक घेऊन ते चालकाच्या डोक्यावरच्या कॅरिअरवर ठेवले होते व नायलॉनच्या दोरीने बांधले होते. काकांनी दोरीवर बोट ठेवून म्हटले, “हे काही मले पटत नाही.” मालक म्हणाला, “राहू द्या काका, दिवाळीपासून असंच आहे. काही होत नाही.” निघायची घाई होती. गाड्या निघाल्या.

स्टेपनी हे नाव कुठले?

आपण सगळे जादा चाकाला स्टेपनी म्हणतो. हा शब्द कुठून आला हे मोठे गमतीचे आहे. मोटारी नव्या नव्या निघाल्या तेव्हा त्यांच्यासोबत जादा चाक नसे. रस्ते बैलगाड्यांचे आणि घोड्यांचे. नालांचे खिळे पडलेले. टायर फुटला की रस्त्यातच बसून तो काढायचा आणि जोडायचा, यात तास-दोन तास जात. १९०४ साली वेल्स देशातल्या लॅनेली गावी डेव्हिस नावाच्या भावांनी यावर तोड काढली. त्यांनी आरे नसलेली एक गोल कडी केली, तिच्यावर हवा भरलेला टायर चढवला आणि ती फुटलेल्या चाकाला बाजूने आवळून बसवायची सोय केली. त्यांचा कारखाना स्टेपनी नावाच्या रस्त्यावर होता, म्हणून त्या चाकाचे नाव स्टेपनी पडले. इंग्रजांच्या राज्यात ते नाव इकडे आले आणि रुजले.

आपल्या दमणीला किंवा बंडीला असे जादा चाक कधीच नव्हते. लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवलेली असे, ती फुटायचा प्रश्नच नव्हता. पण लांबच्या वाटेला निघालेला गाडीवान आसाच्या टोकाची एखादी जादा खीळ जवळ ठेवी आणि वंगणाचा नळा गाडीखाली टांगलेला असे. खीळ निघाली तर चाक निघते, हे त्याला पक्के ठाऊक असे. म्हणून विसाव्याला थांबला की बैल सोडण्याआधी तो खिळीकडे पाही. मोटारीत बसणाऱ्या आपल्या पिढीची ही सवय मात्र सुटली.

लोणबेहळजवळची गोष्ट

यवतमाळ ते माहूर अंतर पाऊणशे-ऐंशी किलोमीटरच्या आसपास आहे. यवतमाळ सोडले की रस्ता दक्षिणेला उतरत जातो. दोन्ही बाजूंना काळी जमीन, कपाशी, कपाशीत तुरीच्या ओळी, मध्येच टेकड्यांवर सागाची झाडे. जवळा गेले की अरुणावतीकाठचे आर्णी येते. आर्णी हे बाबा कंबलपोष यांच्या दर्ग्याचे गाव, तिथल्या यात्रेला सगळ्या जातिधर्माची माणसे जमतात. आर्णीला चहा झाला. काकांनी पुन्हा वर पाहिले आणि दोरीची एक गाठ आवळून घेतली.

नागपूरहून तुळजापूरकडे जाणारा हा रस्ता पूर्वी अरुंद होता. समोरून कापसाची गाडी आली की एकाने खाली उतरायचे. तेव्हा मोटारी ताशी तीस-चाळीस किलोमीटरच्या वर जातच नसत. आता रस्ता रुंद आणि गुळगुळीत झाला, गाड्या सहज सत्तर-ऐंशीने धावतात. रस्ता सुधारला हे चांगलेच झाले. पण वेग दुप्पट झाला की सुटलेल्या वस्तूच्या अंगचा जोर चौपट होतो, हा हिशेब ध्यानात ठेवायला हवा.

लोणबेहळच्या जवळपास एका ठिकाणी रस्त्यावर उंचवटा होता. पिकअप त्यावरून उसळली आणि वरचे चाक दोरीतून निसटले. आधी ते डांबरावर आपटले, चेंडूसारखे उडाले आणि उभे राहून धावू लागले. आमची मोटार मागेच होती. काकांनी गाडी आवरली. चाक रस्त्याच्या कडेची नाली ओलांडून कपाशीत शिरले. तिथे चार-पाच बाया कापूस वेचत होत्या. त्यांच्या गाठोड्यांपासून दहा हातांवरून ते चाक झाडे मोडत गेले आणि धुऱ्यावरच्या बाभळीला लागून पडले.

आम्ही धावत गेलो. कोणाला काही झाले नव्हते. एक वयस्क बाई कमरेवर हात ठेवून उभी होती. ती म्हणाली, “अवो साहेब, आमी तं वाचलो बाप्पा! पण माही नात आत्ताच तिथून पानी घेऊन आली न.” बोट दाखवले त्या जागी कपाशीची दोन झाडे मुळासकट उपटली होती. पाच-सहा वर्षांची पोर आजीच्या पदराला धरून उभी होती. पिकअपचा मालक काही बोलू शकला नाही. त्याने मोडलेल्या झाडांचे पैसे पुढे केले. बाईने ते घेतले नाहीत. “झाडाचं काय घेऊन बसले! ते चाक नीट बांधा,” एवढेच म्हणाली.

वाचकहो, पिकअपचे रिमसह चाक वीस-पंचवीस किलोचे भरते. ताशी साठ किलोमीटरने धावणाऱ्या गाडीवरून ते सुटले तर त्याच्या अंगात जो जोर असतो, तो तेच चाक चौदा मीटर उंचीवरून, म्हणजे चार मजली माडीवरून खाली टाकल्याइतका असतो. मोठ्या ट्रकचे चाक तर शंभर किलोच्या घरात जाते. स्टेपनी घरच्या माणसांची सोय म्हणून आपण नेतो. सैल असेल तर ती रस्त्याने जाणाऱ्या परक्या माणसाच्या जिवावर उठते. त्याला ना गाडी ठाऊक ना गाडीचा मालक.

पंक्चरच्या दुकानातला धडा

पुढे रस्त्याकडेला एक पंक्चरचे दुकान लागले. मिस्त्री जाणता होता. त्याने चाक तपासले, नशिबाने रिम वाकली नव्हती. मग त्याने आणि काकांनी मिळून तिन्ही गाड्या पाहिल्या. तासभर मोडला, पण त्या तासात जे कळले ते सगळ्यांच्या उपयोगाचे आहे, म्हणून इथे देतो.

पहिली गोष्ट टपावरच्या चाकाची. दोरी टायरच्या गोलावरून गुंडाळली तर ती धरून राहत नाही. रबर दबते, हवा कमी-जास्त होते, दोरी सैल पडते. सुती दोर पाण्याने आखडतो आणि वाळला की ढिला होतो, हे आपल्याला मोटेपासून ठाऊक आहे. नायलॉनची दोरी गुळगुळीत असते, गाडीच्या थरथरीने तिची गाठ आपोआप सरकते. म्हणून टपावर चाक न्यायचेच असेल तर ते आडवे ठेवावे. कॅरिअरच्या आडव्या दांड्यांना लोखंडी पट्टी बोल्टने पक्की करावी, त्या पट्टीतून आटे पाडलेला जाड दांडा उभा घ्यावा, तो रिमच्या मधल्या भोकातून वर काढावा, वर जाड पट्टी ठेवून नट आवळावा आणि त्या नटावर दुसरा चेकनट बसवावा. शिवाय रिमच्या भोकातून साखळी ओवून ती कॅरिअरला कुलपाने अडकवावी. म्हणजे नट निघाला तरी चाक जागचे हलणार नाही आणि चोरीचीही भीती नाही. मात्र टपावर वजन वाढले की गाडी वळणावर झुकते, म्हणून एकापेक्षा जास्त चाक वर नेऊ नये. आणि कॅरिअर स्वतःच किती पक्के आहे, हे आधी पाहावे.

दुसरी गोष्ट मागच्या दारावरच्या स्टेपनीची. जीपच्या जातीच्या मोटारींना ती दारावर किंवा मागच्या पत्र्यावर असते. तिथे सहसा तीन नट असतात. त्यांतला एक हरवला की लोक दोनवर भागवतात. तसे करू नये, कारण सगळा भार त्या दोनांवर येतो आणि भोके मोठी होत जातात. नटाची एक बाजू निमुळती असेल तर ती रिमकडे बसवावी, तरच नट रिमच्या खळग्यात घट्ट बसतो. सगळे नट आधी हाताने लावावे आणि मग पान्याने पाळीपाळीने थोडे थोडे आवळावे. एकच नट पूर्ण आवळून दुसऱ्याला हात घातला तर चाक तिरपे बसते. दार उघडल्यावर ते खाली लोंबत असेल, तर बिजागरी झिजली आहे असे समजावे. कंपनीने दिलेल्या टायरपेक्षा मोठा टायर हौसेने दारावर चढवला की हीच गत होते. आणि स्टेपनीमुळे गाडीचा नंबर किंवा मागचा दिवा झाकला जात नाही ना, हेही पाहावे.

तिसरी गोष्ट पोटाखालच्या स्टेपनीची. पिकअपला आणि ट्रकला ती साखळीने किंवा तारेच्या दोराने वर खेचलेली असते. ही सर्वांत जास्त दुर्लक्षित, कारण ती दिसतच नाही. चिखल, शेण, पाणी, धूळ सगळे तिच्यावर. साखळी गंजते, फिरवायची कळ जाम होते. आमच्या पिकअपची कळ तशीच जाम निघाली. चाक खाली घ्यायला मिस्त्रीला हातोडा आणि तेल वापरावे लागले. म्हणजे ऐन अडचणीच्या वेळी स्टेपनी असूनही नसल्यासारखीच. दर दोन-तीन महिन्यांनी ती एकदा खाली घ्यावी, साखळी पुसून तेल द्यावे आणि मग पूर्ण वर खेचावी. खेचल्यावर टायरला पायाने जोरात ढकलून पाहावे. जरा जरी हलली तरी ती सैल आहे. हलणारे चाक दर खड्ड्यात साखळीला हिसका देते आणि एक दिवस साखळीची कडी उघडते. जोडीला वेगळी एक जाड साखळी रिममधून घेऊन चासीला अडकवली तर उत्तम.

चौथी गोष्ट आत ठेवलेल्या चाकाची. मुक्कामाच्या गाडीत काही जण स्टेपनी सामानात उभी टाकतात. अचानक ब्रेक लागला की ती पुढे येते आणि बसलेल्यांच्या पाठीत बसते. शिवाय तिच्यावर पिठाचे डबे आणि गोधड्या रचल्या की रात्री पंक्चर झाल्यावर सगळा संसार रस्त्यावर काढावा लागतो. आत ठेवायची तर आडवी, तळाशी, बोल्टने बांधून आणि सामान न हलवता हात पोचेल अशा जागी.

मिस्त्रीने आणखी एक गोष्ट बजावली. पंक्चर झाल्यावर चांगली स्टेपनी चाकाच्या जागी जाते आणि फुटलेले चाक घाईत कुठेतरी टाकले जाते. अनेकदा अपघात होतो तो या परतीच्या चाकाने. फुटलेले चाकही तेवढेच जड असते, ते स्टेपनीच्याच जागी तितकेच आवळून बसवावे.

काळ्या मातीतला जॅक

कोसदनीचा घाट उतरून पुढे धनोड्याला आलो. इथे हमरस्ता सोडून माहूरकडे वळायचे. पैनगंगेचा पूल ओलांडला की यवतमाळ जिल्हा संपतो आणि नांदेड जिल्हा लागतो. म्हणजे विदर्भातून मराठवाड्यात यायला एक पूल पुरतो. मार्गशीर्षात नदी शांत असते, पावसाळ्यात मात्र तिचे रूप वेगळे.

पुलाच्या अलीकडेच आमच्या मोटारीचे मागचे चाक बसले. बाभळीचा काटा, दुसरे काय! काकांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. कडेची माती काळी, दवाने मऊ झालेली. अशा मातीत जॅक लावला तर गाडी वर येत नाही, जॅकच खाली जातो. काकांकडे बाभळीच्या लाकडाची हातभर रुंद, दोन इंच जाड फळी होती. ती जॅकखाली ठेवली. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावले, हँडब्रेक ओढला, सगळ्यांना खाली उतरवून रस्त्यापासून दूर उभे केले. मग जॅक चढवण्याआधी, चाक जमिनीला टेकलेले असतानाच, नट अर्धा फेरा सैल केले. चाक अधांतरी झाल्यावर नट सोडायला गेले तर चाक फिरते आणि गाडी जॅकवरून घसरते. बरोबरची एक मुलगी, बारावीत शिकणारी, पुढे झाली आणि काकांच्या सांगण्यावरून तिने स्वतः चाक बदलले. पान्याच्या दांड्यावर लोखंडी नळी चढवली की लांबी वाढते आणि कमी ताकदीत नट सुटतो, हे तिने तिथेच शिकून घेतले. नट आवळताना मात्र ती नळी वापरायची नाही, नाहीतर आटे तुटतात. पंधरा-वीस मिनिटांत गाडी तयार झाली.

स्टेपनीत हवा भरपूर होती म्हणून हे जमले. बहुतेकांच्या स्टेपनीत हवा नसते, कारण चार चाकांना हवा भरताना पाचवे कोणी मोजत नाही. किती हवा हवी हे चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेल्या पट्टीवर लिहिलेले असते. स्टेपनीत त्याहून थोडी जास्त ठेवावी, लागेल तेव्हा कमी करता येते. न वापरलेला टायरही म्हातारा होतो. टायरच्या बाजूला लंबगोलात चार आकडे असतात. २३१९ असे असेल तर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तो तयार झाला. रबराला तडे गेले असतील तर नक्षी कोरी असली तरी भरवसा ठेवू नये.

आता काही नव्या मोटारींत स्टेपनीच नसते. ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर दुरुस्तीचा संच असलेल्या लहान गाड्यांना केंद्र सरकारने २०२० साली स्टेपनीच्या बंधनातून सूट दिली आहे. शहरात ते चालून जाईल. आपल्याकडे टायरची बाजू फाळाने किंवा तुराट्यांच्या खुंटाने चिरली तर तो संच उपयोगी पडत नाही. नवी गाडी घेताना स्टेपनी आहे का, हे विचारूनच घ्या.

माहूरला पोचलो तेव्हा दुपार झाली होती. रेणुकेचे दर्शन, तिथला तांबूल, मग वळणावळणाने दत्तशिखर आणि अनसूया शिखर. खाली किल्ल्याचा तट आणि चहूकडे सागाचे रान. संध्याकाळी पायथ्याशी आमची चूल पेटली. भाकरी होत असताना पिकअपचा मालक कोणाला काही न सांगता पाना घेऊन उठला आणि वरच्या चाकाचा नट तपासून आला. नवीन बसवलेला कुठलाही नट पन्नास-साठ किलोमीटर चालल्यावर एकदा आवळावा लागतो, हे मिस्त्रीने त्याला सांगितले होते.

शेतकरी बंधू-भगिनींनो, आपल्या गावात आज घरटी नसली तरी आळीत एक मोटार आहेच. लग्न, यात्रा, दवाखाना, बाजार सगळे तिच्यावर. महिन्यातून एकदा, बाजाराच्या दिवशी गाडी काढण्याआधी, स्टेपनीला हाताने हलवून पाहा, हवा मोजा, जॅक, पाना आणि फळी जागेवर आहे का बघा. हे काम चालकावर सोडू नका. घरातल्या मुलाला आणि मुलीलाही शिकवा. आणि पुढे कोणाच्या गाडीवर दोरीने बांधलेले चाक दिसले तर हात दाखवून ती गाडी थांबवा.